मागच्या खोलीची जमीन

डेल्फीनचा पायगुण वाईट आहे, असं समुद्रकाठच्या कूले ब्लँश गावातले लोक आता तिच्या तोंडावर म्हणायला लागले होते. विकाऊ घरं घेणाऱ्यासाठी तपासून अहवाल द्यायचा हा तिचा धंदा, आणि ती घर तपासायला आली की ठरलेला सौदा मोडतो. किराणा दुकानात ती रांगेत उभी असली की मागून कुणीतरी म्हणायचंच, "बाई, माझ्या बोटीकडे बघू नकोस हं, कालच विकायला काढलीय." तीही हसायची. हसायला काय लागतं? पण घरं विकून देणाऱ्या एजंटांनी तिचं नाव सुचवणं बंद केलं होतं. हल्ली तिला बोलवायचे ते गावात नवखे, ज्यांच्या कानावर अजून काही गेलेलं नव्हतं.

लिएन त्यातलीच. तिचा नवरा बाओ कोळंबीच्या बोटीवर होता आणि बोट समुद्रात होती, म्हणून घर बघायला ती एकटीच आली होती. कडेवर नुकतंच रांगायला लागलेलं पोर.

आणि घर होतं एल्मीर म्हातारीचं, जिला तिथल्या रीतीने सगळे मानाने मिस एल्मीर म्हणत. डेल्फीनला सकाळपासून जड वाटत होतं ते त्यामुळेच.

मागच्या खेपेला याच घराचा सौदा तिच्या अहवालाने मोडला होता. छप्पर गेलंय, असं तिने लिहिलं होतं, आणि ते गेलेलंच होतं. तेवढ्यावरच घेणारा मागे फिरला, बाकीचं घर तपासायचं राहूनच गेलं. म्हातारीने हूं की चूं न करता नवं छप्पर चढवलं आणि पुन्हा दारात विक्रीची पाटी लावली. तिला घाई होती. वादळांचा मोसम तोंडावर आला होता आणि त्याच्या आत तिला गाव सोडायचं होतं. टेक्सासमध्ये, समुद्रापासून पुष्कळ आत, मुलीने तिच्यासाठी एक खोली रिकामी करून ठेवली होती. मागच्या मोसमात दोनदा घरातून पळावं लागलं. दुसऱ्यांदा तर नवरा, युलिस, नाकात प्राणवायूची नळी घेऊन मागच्या सीटवर आडवा, आणि पुढे गाड्यांची रांग मुंगीच्या पावलाने सरकतेय. हिवाळ्यात तो गेला. तेव्हाच तिने चर्चच्या पायरीवर सगळ्यांना सांगून टाकलं, आणखी एक मोसम माझ्याच्याने निघायचा नाही. पण घर विकल्याशिवाय ती हलेना. या हवेत बंद ठेवलेलं घर कुजतं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. घर सोडून जायचं तर कुणाच्या तरी हातात देऊनच जायचं.

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, असं म्हणतात. विकून बघा, हे मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही.

मिस एल्मीरने दार उघडलं ते अंगात स्वेटर घालून. आतून गारव्याचा असा लोट आला की लिएनने बाळाचे पाय पदराखाली घ्यावेत तसे आपल्या शर्टाखाली घेतले.

"तुम्ही थांबायचं नसतं, मिस एल्मीर," डेल्फीन म्हणाली. "तुमच्या एजंटने सांगितलं नाही का?"

"सांगितलं की. दोन तास मॉलमध्ये जाऊन बसा म्हणते ती पोरगी. माझ्या घरी माणसं येणार आणि मी मॉलमध्ये बसू? मग कॉफी कोण देईल त्यांना, मांजर?"

"मी कामाला आलेय."

"मग कर ना काम. मागच्या वेळी कॉफी न घेता गेलीस आणि माझं छप्पर घेऊन गेलीस."

लिएनला काही कळलं नाही. ती नुसतीच भिंतींकडे बघत होती, जसं बाजारात आपल्याला परवडणार नाही असं वाटणाऱ्या वस्तूकडे बघावं. "किती गार आहे घर," ती हळूच म्हणाली.

"युलिसला उकाडा सोसत नव्हता. दम लागायचा त्याला." मिस एल्मीरने बाळाच्या गालाला बोट लावलं. "तेव्हापासून एसीचं यंत्र हे असंच चालू."

डेल्फीनने कामाला सुरुवात केली. शिडी लावून छप्पर पाहिलं, नवंकोरं. माळ्यावर जाऊन आली. विजेची पेटी उघडली, नळ सोडून पाहिले, खिडक्या वर-खाली केल्या. युलिस सुतारकाम जाणणारा माणूस होता, त्याच्या हाताच्या गोष्टी अजून जागच्या जागी बसत होत्या. एकेक गोष्ट नीट निघत गेली तसं तिचं मन हलकं झालं. या वेळी या बाईला काही सांगावं लागणार नाही, असं तिला वाटू लागलं. तसं तिला काही सांगायचंच नसतं. ज्याने बोलावलं त्याला सांगायचं, म्हणजे घेणाऱ्याला. विकणाऱ्यापुढे चकार शब्द काढायचा नाही, हा या धंद्याचा नियम. पण गाव लहान. आज नाही तर रविवारी, चर्चच्या दारात, तोंड दिसायचंच.

शेवटी ती मागच्या खोलीत गेली. खोली रिकामी होती. आजारी माणसासाठी भाड्याने आणलेली खाट परत गेली होती. फळ्यांच्या जमिनीवर फुलाफुलांची प्लास्टिकची चादर चिकटवलेली, पुसायला सोपी जावी म्हणून. चर्चच्या मंडळींनी येऊन ती घालून दिली होती, आणि जमीन गार राहावी म्हणून खालून फळ्यांना गारवा धरून ठेवणारी काचेच्या तंतूंची लोकरही तेव्हाच ठोकून दिली होती. फुकट, एका दिवसात. डेल्फीन खोलीच्या मधोमध आली आणि तिची टाच खाली गेली. थोडीशीच. ओल्या पावावर पाय पडावा तशी.

ती तिथेच उभी राहिली.

"युलिसची खोली," दारातून मिस एल्मीर म्हणाली. "सगळ्यात गार हीच. बाळाला हीच द्या."

प्लास्टिक उचलून बघायची परवानगी तिला नव्हती. घरातलं काही सोडवायचं नाही, उखडायचं नाही. बघायचं तर खालून.

घर विटांच्या खांबांवर उभं होतं, तिथली सगळीच घरं असतात तसं. पुढच्या बाजूला खाली शिरायला ऐसपैस जागा होती. ती गुडघ्यांवर रांगत निघाली. बाहेरची हवा आंघोळीच्या पाण्यासारखी कोमट, आणि खाली त्याहून दमट. पुढच्या तुळया ठणठणीत होत्या. पण मागे जाऊ लागलं तसा चिखल वर येत गेला; जुन्या पुराने आणून टाकलेला आणि मग कधी कुणी न काढलेला. मागच्या खोलीपर्यंत पोहोचायच्या आधी जमीन आणि तुळया यांच्यामध्ये तिची छाती मावेल एवढीच फट राहिली.

ती पालथी पडून राहिली, गाल हातावर ठेवून. दीड फुटाच्या आत जागा असली तर शिरायची सक्ती नाही. धंद्याच्या नियमांत तसं लिहून दिलेलं आहे. "पोहोचता आलं नाही" अशी एक ओळ टाकायची आणि बाहेर पडायचं. कुणी बोट दाखवू शकत नाही. घेणाऱ्यांपैकी ती ओळ वाचतं कोण? लिएनला घर आवडलंच होतं. म्हातारी आठवड्यात टेक्सासला. आणि गावात म्हणाले असते, चला, एकदाचा डेल्फीनच्या हातून एक सौदा तडीला गेला. तिचे गुडघे ठणकत होते. अंग आंबून गेलं होतं. वरून पावलं ऐकू येत होती, म्हातारीची घासत जाणारी आणि लिएनची हलकी, आणि मध्येच बाळाचं खिदळणं. लिएनने त्याला जमिनीवर सोडलं असावं. फळ्यांवर तळव्यांची थापथाप येत होती, आणि ती मागच्या खोलीकडेच चालली होती.

डेल्फीनने हाताने चिखल उपसायला सुरुवात केली.

आत पोहोचली तेव्हा टॉर्चच्या उजेडात काचेची लोकर फाटक्या गोधडीसारखी लोंबत होती. तिने हात लावला आणि मनगटावरून पाणी कोपरापर्यंत आलं. पाणी गार होतं. तिने तुळईत स्क्रू ड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत गेला. शेजारच्या तुळईतही तसाच. त्याच्या पलीकडेही. नळ गळत नव्हता, हल्लीत पूर आलेला नव्हता. ओल फक्त या एका खोलीखाली होती, जिथे ती खाट होती आणि जिथे एसीच्या गार वाऱ्याची झडप रात्रंदिवस उघडी सोडलेली होती.

बाहेर आल्यावर ती गाडीच्या सावलीत बसली. लिएन पाण्याची बाटली घेऊन आली.

"मागची खोली कुजलीय," डेल्फीन म्हणाली. "बाकी घर उत्तम आहे. खरंच उत्तम. पण त्या खोलीच्या तुळया गेल्यात."

लिएनने बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं. "तुम्ही माझ्या जागी असता तर घेतलं असतं?"

"ते मी सांगत नाही, पोरी. कुणालाच नाही."

"बरं. मग एवढंच सांगा, माझं पोर तिथे रांगेल का?"

"आज नाही. तुळया बदलल्या, ते प्लास्टिक काढलं, खाली कोरडं झालं, तर खुशाल."

"मगाशी रांगलं ते."

"ऐकलं मी."

लिएनने घराकडे वळून पाहिलं. "आजींना ठाऊक आहे?"

"नाही. मला सांगता येत नाही. अहवाल तुझा आहे."

"आणि त्या तशाच गार करून बसणार? मग ते वाढतच जाणार ना?"

"वाढणार."

"मग सांगा की त्यांना, मिस डेल्फीन," लिएन म्हणाली. "मी सांगते, सांगा."

स्वयंपाकघरात मिस एल्मीरने तीन कप मांडले होते. डेल्फीनच्या चिखलाने भरलेल्या कोपरांकडे पाहून तिने खुर्चीवर जुनं वर्तमानपत्र टाकलं.

"बस. आणि बोल. तुझ्या तोंडावर लिहिलंय सगळं."

"फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की तिला घाम फुटतो," डेल्फीन म्हणाली. "तसा तुमच्या मागच्या खोलीला खालून फुटलाय. वरून गार, खालून ही हवा. लोकर पाणी धरून बसली आणि वर प्लास्टिक, त्यामुळे वाळायला वाटच नाही. लाकूड कुजलं."

"म्हणजे ते चर्चवाले..."

"त्यांनी चांगल्यासाठीच केलं."

"आणि मी गार ठेवलं." म्हातारीने कप गोल फिरवला. "म्हणजे मीच कुजवलं."

"त्यांना दम लागायचा, मिस एल्मीर."

"आता नाही ना लागत." ती लिएनकडे वळली. "हिला विचारायचंय, की मग आता कशाला चालू ठेवलंय. विचारणार नाही ती. भिडस्त आहे. लोकांची छपरं नेते, पण भिडस्त आहे." मग थांबून म्हणाली, "मी हात नेते बटणापर्यंत. बंद करावं म्हणते. आणि वाटतं, त्याला उकडेल. येडेपणा आहे झालं."

बाळ लिएनच्या खांद्यावर पेंगायला लागलं होतं.

"मग गेला म्हणायचा हाही सौदा," मिस एल्मीर म्हणाली.

"मला आत्ता हो म्हणता येत नाही, आजी," लिएन म्हणाली. "बाओ येईल, तो बघेल. त्याचे काका बोटी बांधतात, लाकडाचं त्यांना कळतं. पण त्याला यायला वेळ आहे."

"तोवर मोसम लागेल."

"लागेल."

"म्हणजे मी अडकले. बंद ठेवून जावं तर सगळंच कुजेल."

डेल्फीनने कप खाली ठेवला. ती इतकी दमली होती की गोड करून सांगायचं बळ उरलं नव्हतं. "हे घर तुम्ही गेल्याने कुजणार नाही, मिस एल्मीर. तुम्ही राहिल्याने कुजतंय. यंत्र बंद करा, खिडक्या उघडा, तेवढ्यानेही ते आजच्यापेक्षा बरं राहील."

म्हातारीने तिच्याकडे एकटक पाहिलं. "एवढं वय झालं माझं," ती म्हणाली, "पण इतकं सरळ तोंडावर 'निघा' असं कुणी म्हटलं नव्हतं."

"खिडक्या मी उघडत जाईन," लिएन म्हणाली. "दोन गल्ल्या सोडून राहते मी. सकाळी उघडेन, पाऊस आला तर येऊन लावेन. घर घेतलं नाही तरी."

"असं चालत नाही," डेल्फीन म्हणाली. "विक्री व्हायच्या आधी किल्ली घेणाऱ्याच्या हातात देत नाहीत. तुमची एजंट आकांडतांडव करेल."

"करू दे. तिला म्हणावं, मॉलमध्ये जाऊन बस."

मिस एल्मीर उठली. भिंतीवरच्या बटणापाशी गेली, आणि या वेळी तिचा हात पोहोचला. यंत्राची घरघर थांबली. ती किती मोठी होती हे ती थांबल्यावरच कळलं. बाहेरचे बेडूक एकदम घरात आल्यासारखे वाजू लागले. बाळ दचकून जागं झालं आणि रडायला लागलं.

"आवाज गेला म्हणून रडतंय," मिस एल्मीर म्हणाली. "दे इकडे."

तिने ते खांद्यावर घेतलं आणि स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालू लागली. लिएनने सिंकवरची खिडकी ढकलून पाहिली. ती जड होती, एकटीला हलेना. डेल्फीनने उठून दुसऱ्या बाजूने जोर लावला. हे तिचं काम नव्हतं. खिडकी उघडली आणि कोमट, ओलसर, चिखलाच्या वासाची हवा आत आली. थोड्याच वेळात तिघींच्या कपाळावर घाम आला.

बाळ शांत झालं तसं मिस एल्मीरने ते न देताच एका हाताने फोन उचलला. मुलीला लावला असावा.

"शनिवारी ये मला न्यायला," ती म्हणाली. पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. "नाही, विकलं नाही अजून. नाही गं, कुणी फसवलं नाही. जमीन कुजलीय मागची. हो, तीच आली होती." तिने डेल्फीनकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. "विकलं जाईल की नाही, ते मला ठाऊक नाही. तरी ये."