बिननावाची कोठी

मित्रांनो, ओले बूट वाळत घालतात त्या खोलीत, अगदी खालच्या फळीवर एक काळा खोका घरघरत असतो ना, तो मी, एक जुना संगणक. वय विचारू नका. आधी मी एका लाकडाच्या वखारीत हिशेब ठेवायचो. वखार बंद पडली, तेव्हा ऑर्विलने मला भंगारातून उचललं, पोटातली धूळ झटकली आणि त्याच्या छोट्याशा कंपनीत आणून बसवलं. मोठ्या सरोवराकाठचं आमचं गाव, निम्मं वर्ष बर्फाखाली. बर्फ काढणाऱ्या गाड्यांनी आधी कुठला रस्ता उघडायचा हे सांगणारा प्रोग्राम ही मंडळी लिहितात. रोज लिहिलेलं रोज माझ्याकडे ठेवायला देतात. आपलं काम परक्याच्या घरी ठेवायचं नाही, हा ऑर्विलचा हट्ट.

माझ्या पोटातली व्यवस्था सांगतो. तिथे प्रत्येक काम वेगळ्या डब्यात चालतं. ही मंडळी त्याला कंटेनर म्हणतात. डबा जुना झाला की फेकायचा, नवा आणायचा. म्हणून ऐवज डब्यात ठेवायचा नसतो. बाहेर नावाची कोठी करायची आणि तिच्यात ठेवायचा. ऑर्विलने 'कोठार' नावाची कोठी केलीही, पण डब्याला तिचा पत्ता देताना एक शब्द चुकला. डबा बिचारा काय करणार? त्याने गुपचूप एक बिननावाची कोठी उभी केली आणि सगळं तिच्यात भरत राहिला. इकडे बॅकअप घेणारा प्रोग्राम रोज इमानेइतबारे रिकाम्या 'कोठारा'ची रिकामी नक्कल करी आणि "सगळं ठीक" म्हणून कळवी. मला दिसत होतं हो! पण मला तोंड कुठे आहे? आणि ती नक्कल एकदा उघडून बघावी, असं कुणाच्याच मनात आलं नाही.

कौतुक मात्र भरपूर झालं. "आमचा म्हातारा कधी आजारी पडत नाही," असं ऑर्विल आल्यागेल्याला सांगे, आणि माझ्याच डोक्यावर ओले हातमोजे वाळत टाकी.

मग जानेवारीतला तो दिवस उजाडला. संध्याकाळपर्यंत हिमवादळ येणार, असं रेडिओ ओरडत होता. ऑर्विलच्या जोडीला काम करणाऱ्या कायसाने तीन महिने राबून नवा बदल केला होता: ज्या घरांत डायलिसिसचे रुग्ण आहेत, त्यांच्या गल्ल्या आधी उघडायच्या. त्यातल्या एका गल्लीच्या टोकाला तिची आई राहते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आईची डायलिसिसची पाळी होती. कायसाचं काम माझ्यापाशी पोचलं होतं. तिच्या लॅपटॉपवर आदल्या दिवशी कॉफी सांडली आणि तो गेला तो गेलाच. ऑर्विलकडची प्रत जुनी. दुपारी तीनपर्यंत काम नगरपालिकेकडे गेलं नाही, तर गाड्या जुन्याच वाटेने निघणार होत्या, आणि जुन्या वाटेत ती गल्ली शेवटची.

आणि नेमकं त्याच सकाळी ऑर्विलला माझा डबा बदलायची हुक्की आली.

"आजच कशाला रे?" कायसा म्हणाली.

"वादळात काही बिघडायला नको म्हणून. दोन मिनिटांचं काम आहे गं."

त्याने जुना डबा काढून टाकला आणि नवा बसवला. नव्यानेही स्वतःची नवी, रिकामी कोठी उभी केली. पडद्यावर हसतमुख अक्षरं उमटली: 'स्वागत आहे! पहिलं खातं उघडा.'

कायसा मागून बघत होती.

"हे काय? माझं काम कुठंय?"

"थांब, बॅकअप आहे ना." त्याने बॅकअप उघडला. आत काहीच नव्हतं. आदल्या दिवशीचा उघडला, त्याच्या आदल्या दिवशीचा उघडला. सगळे रिकामे.

"ऑर्विल, उद्या आईला न्यायचंय."

"माहीत आहे गं मला!" तो खेकसला, आणि लगेच ओशाळला. "डिस्क पण भरत आलीय. सगळं झाडून पुन्हा पहिल्यापासून बसवतो. कदाचित मग सापडेल."

झाडून! वापरात नसलेल्या बिननावाच्या कोठ्या पुसून टाकायचा एक हुकूम असतो. तोच त्याने लिहिला. बोट एंटरवर टेकलं. जुना डबा गेला, म्हणून त्याची ती कोठीही आता त्यांतलीच होती, आणि तिच्यातच सगळं होतं, तीन वर्षांचं! मी पंखा जिवाच्या आकांताने फिरवला. त्यापलीकडे मला ओरडता येत नाही.

"हा पण आता घरघरायला लागला," ऑर्विल पुटपुटला.

कायसाने त्याचं मनगट धरलं. "काय काय जाणार, ते आधी दाखव."

"कचरा आहे गं. बिननावाचा."

"बिननावाचा? दर शुक्रवारी ऑफिसचा फ्रिज साफ करताना तू हेच म्हणतोस. माझ्या आईने केलेला हरणाच्या मटणाचा रस्सा असाच कचऱ्यात घातलास ना? नाव नव्हतं म्हणून! हात काढ तिथून."

त्याने हात काढला. यादी उघडली. कायसा एकेक ओळ वाचत गेली आणि ज्या कोठीचा आकार सगळ्यात मोठा दिसत होता, तिच्या ओळीवर थांबली.

"कचरा एवढा जड असतो होय रे?"

ऑर्विल पुढे वाकला. ती कोठी त्याने आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली, मगच नव्या डब्याला जोडली. पडद्यावर एकेका कामाचं नाव उमटू लागलं. सगळ्यात वर कायसाचं. ती बुटांच्या बाकावर बसली आणि रडली. तीन वाजायच्या आत काम नगरपालिकेकडे गेलं.

रात्रभर वादळ घोंगावलं. सकाळी उशिरा कायसा बूट काढत म्हणाली, "आई दवाखान्यात पोचली. गल्ली उजाडायच्या आधीच उघडली होती." त्या दिवसापासून दर महिन्याला ऑर्विल बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उघडून बघतो, आणि कायसा शेजारी उभी राहते.

मित्रांनो, जपून ठेवलंय एवढ्यावर निर्धास्त राहू नका. अधूनमधून झाकण उघडून बघा. आणि फेकण्याआधी जरा हातात घेऊन वजन बघा. माझ्या डोक्यावर आता हातमोजे नसतात. तिथे कायसाने पट्टी चिकटवली आहे, ती आता फ्रिजमधल्या डब्यांवर लावते तशी, जाड अक्षरांत: 'हे आमचं आहे. विचारल्याशिवाय फेकू नये.'