पसरट पिंप

जावयाला या उद्योगातून कमवायची होती ती फक्त सासऱ्यांची शाबासकी. लग्नाला सात वर्षं झाली, पण म्हातारा 'अहो, जरा सरका' यापलीकडे त्याच्याशी कधी बोलला नव्हता. सासऱ्यांना स्वतःला हवा होता एक वास. त्यांची बायको घरी बिअर बनवायची आणि तिच्या बिअरला पिकल्या केळ्याचा वास यायचा. ती गेली तेव्हा फ्रिजमध्ये बिअर आंबवायला तिनं जपलेल्या यीस्टची एक बरणी उरली. तेवढ्यावर एकदा, एकदाच, तो वास परत यावा, इतकीच त्यांची मागणी.

तिचं पिंप बुटकं आणि पसरट. माल्टचा काढा त्यात जेमतेम वीतभर चढे. "तुझा सख्खा भाऊ शोभतो," असं नवरा चिडवी. "म्हणूनच माझं ऐकतो," ती म्हणे.

जावई दुधाच्या टाक्या जोडणारा वेल्डर. हातात कला, पण त्याला ओबडधोबड काही बघवत नसे. चार रविवार खपून त्यानं उरल्यासुरल्या स्टीलचं नवं भांडं उभं केलं. छातीइतकं उंच, सडपातळ, बुडाशी निमुळतं, खाली तोटी. यीस्ट बुडाशी बसलं की तोटी सोडायची, वर नितळ बिअर. असलं देखणं भांडं घरात आल्यावर मुलीनं आईचं पिंप भंगारवाल्याला देऊन टाकलं. नवरा दुखावू नये, हा तिचा हिशेब.

बरणी सगळीच्या सगळी नव्या भांड्यात गेली. दोन आठवड्यांनी जावयानं तोटी सोडली, यीस्टचा सायीसारखा गाळ मोरीत जाऊ दिला आणि मागोमाग उकळतं पाणी ओतलं. स्वच्छतेत तो कुणाला हार जात नाही.

बिअर काचेसारखी उतरली. सासऱ्यांनी ग्लास बराच वेळ नाकाशी धरला. मग म्हणाले, "शाब्बास," आणि सगळा संपवला. रोज संध्याकाळी एकेक ग्लास, शेवटच्या बाटलीपर्यंत. वास कुठल्याच ग्लासात नव्हता.

मुलगी माल्टच्या दुकानात विचारायला गेली. दुकानदार म्हणाला, उंच भांड्यात यीस्टवर भार येतो, ते मुकाट्यानं काम उरकतं. पसरट भांड्यात मोकळं सुटतं, तेव्हा फळांचा वास धरतं. एवढंच ना, पुन्हा पसरट भांड्यात लावा. "गाळ राखून ठेवलाय ना, ताई?"

"हो," ती म्हणाली आणि काही न घेता परतली.

घरी आल्यावर तिनं वडिलांना पिंपाचं सांगितलं, मोरीचं सांगितलं, रडली. नवऱ्यालाही सांगते म्हणाली. त्यांनी तिला हातानं थांबवलं.

"राहू दे. त्यानं जीव ओतून केलंय."

तर जावयाला त्याची शाबासकी मिळाली, आणि तो आता याहून उंच भांड्याची आखणी करतोय. मुलीनं निम्मं नुकसान आपल्या अंगावर घेऊ पाहिलं, पण म्हाताऱ्यानं तिला वाटेकरी होऊ दिलं नाही. भरलं सगळं त्यानंच.