उसना पट

"दप्तरं बाकाखाली ठेवा. आणि असं पाहुण्यासारखं बसू नका रे!" बाईंनी दम दिला, तरी पोरं अंग चोरूनच बसली. बसणारच. पाहुणीच होती ती, पुलापलीकडच्या शाळेतली.

तिथे बाईंची धाकटी बहीण शिकवायची. तपासणी आली की दोघी एकमेकींना पोरं उसनी द्यायच्या, शेजारणी साखर देतात तशी. साहेब दिवसाला एकच शाळा बघत, त्यामुळे दोन्ही शाळा वर्षानुवर्षं भरलेल्या दिसल्या. यात कुणाचं काही वाकडं झालं, असं मला तरी वाटत नाही.

पण यंदा देशभरासाठी वीस वर्षांचा आराखडा आला होता. पट कमी असेल ती शाळा बंद, पोरं जवळच्या शाळेत.

साहेब नवे होते, बोलायला गोड. भरलेले बाक पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"वा, बाई! नाहीतर ती पुलापलीकडची शाळा. आत्ताच तिथून आलो. जेमतेम तीन पोरं!"

"एकाच दिवशी दोन शाळा, साहेब?"

"आता सगळं झपाट्यानं करायचंय. कुलूप लावूनच आलो. तिथली पोरं उद्यापासून तुमच्याकडे."

"त्या बाई काही बोलल्या नाहीत?"

"अवाक्षर नाही."

मागच्या बाकावरची मुलगी उठली. "सर, आमची शाळा..."

"खाली बस!" बाई ओरडल्या. आपला तो आवाज ऐकून त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

जाता जाता साहेब हसत म्हणाले, "पुढच्या वर्षी पटाची अट आणखी वाढतेय हं. तेवढं बघा."

शाळा सुटताना धाकटी नेहमीसारखी पोरांना न्यायला आली. आत मात्र आली नाही, दारातच थांबली.

"का नाही बोललीस गं?" बाईंनी विचारलं.

"बोलले असते तर तुझीही गेली असती, ताई." बाहेर येणाऱ्या एकेकाच्या खांद्यावर धाकटीनं दप्तर नीट अडकवलं. "पुढच्या तपासणीला पोरं उसनी घ्यायची पाळी माझी होती, नाही का?"

ती पोरांना घेऊन निघाली. पुलाच्या तोंडाशी तिनं त्यांना रांगेत उभं केलं, हात धरायला लावले आणि वाट दाखवली. उद्या त्यांना एकट्यानं यायचं होतं.