चिंचेचं कन्यादान

अंगणात चिंच लावू नये, हे नागपुरात कोणाला शिकवावं लागत नाही. तिच्यावर भूत राहतं, लावणाऱ्याचा वंश खुंटतो, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, लावणारा माणूस तिला चिंचा धरलेल्या पाहायला जगत नाही. रुखमाबाईंना हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक असूनच त्यांनी लावली.

झेंडा सत्याग्रहाचं वर्ष होतं ते. त्या साली रामनवमीला त्या रामटेकला गेल्या होत्या. गडाच्या पायथ्याशी एका थोराड चिंचेखाली नानाजीबुवांचं कीर्तन होतं. बुवांच्या कीर्तनासाठी रुखमाबाई जेवण सोडून जातील अशी त्यांची ख्याती, आणि ती खरी होती. रामजन्माची घटका भरली, झांजा वाढल्या, गुलाल उडाला, आणि वरून एक पिकलेली चिंच अलगद रुखमाबाईंच्या पदरात पडली. दुसऱ्या कोणी ती तिथंच चोखून टाकली असती. रुखमाबाईंनी कपाळाला लावली. विधवेची ओटी कोणी भरत नाही. आज रामानं भरली, असं त्यांनी मनाशी धरलं आणि पुढचं सगळं कीर्तन त्या डोळे पुसत ऐकत बसल्या.

नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या घरी आता सत्ता धाकट्या दिराची, वामनरावांची होती. वामनराव कचेरीत कारकून. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा होता, आणि भित्र्या माणसाला घरात फार हुकूम सोडावे लागतात. रुखमाबाईंचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. मागची एक खोली आणि विहिरीलगतचा जमिनीचा तुकडा एवढं त्यांचं. त्या तुकड्यात त्यांनी चिंचोका पेरला. त्याच पावसाळ्यात वामनरावांनी पुढच्या बाजूला, पण त्याच अंगणात, मामाच्या बागेतल्या गोड आंब्याची कोय लावली. एकाच पाण्यावर दोघं उगवले.

चिंचेची पानं ओळखू येताच वामनराव मागं येऊन उभे राहिले. हे काय करून राहिल्या, म्हणून त्यांनी विचारलं आणि भुतापासून वंशापर्यंत आणि लावणाऱ्याच्या मरणापर्यंत सगळं ऐकवलं. रुखमाबाई लोटीनं पाणी घालत होत्या. त्या घालतच राहिल्या.

"भाऊजी, वंश खुंटते म्हणता. माझा तर खुंटलाच आहे. म्हणजे साऱ्या महालात चिंच लावायले मीच एक लायक बाई."

"आणि भूत?"

"येऊ द्या. मी सकाळ-संध्याकाळ इथं नाव घेतो. राहायचं असंन तर तेही भजन शिकून राहीन."

वामनराव गेले. पण गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही. चार-पाच वर्षांनी त्यांच्या बायकोला, ताराला, दिवस गेले, तेव्हा ते सकाळीच एका लाकूडतोड्याला घेऊन आले. झाड आता माणसाच्या डोक्यावर गेलं होतं. रुखमाबाईंनी भांडण केलं नाही. त्या झाडाला पाठ लावून बसल्या, झांज काढली आणि भजन सुरू केलं. लाकूडतोड्या कुऱ्हाड खाली ठेवून उभा राहिला. चालू भजनात घाव कसा घालायचा, हे त्याला कळेना. भजन संपलं की दुसरं सुरू होत होतं.

वामनरावांनी आवाज चढवला तशी तारा मागच्या दारात आली. ती घरात नवी नव्हती, पण दिरा-भावजयीच्या बोलण्यात ती कधी पडली नव्हती. ती झाडाशी गेली, कोवळ्या पाल्याचा तुरा खुडला आणि नवऱ्यादेखत तोंडात टाकला.

"मले हाच पाला पचते," ती म्हणाली. "बाकी सारं उलटून पडते. महिनाभर मी ह्याच्यावरच जगून राहिली. तोडाल तर मले माहेरी नेऊन घाला."

डोहाळकरणीचा शब्द मोडायची ताकद कोणात आहे? कुऱ्हाड परत गेली. ताराला मुलगा झाला, चांगला गुटगुटीत. चिंचेमुळे वंश खुंटला नाही, उलट तिच्या पाल्यावर तो वाढला, हे रुखमाबाई बोलल्या नाहीत. फक्त बारशाच्या दिवशी त्यांनी झाडाला हळद-कुंकू वाहिलं, वामनरावांना दिसेल असं.

मग आंबा मोहरला.

त्या घरची एक रीत होती. ज्यानं आंबा लावला, त्याच्या घरच्यांनी त्या आंब्याचं लग्न लागल्याशिवाय त्याचं फळ तोंडात घालायचं नाही. शेजाऱ्यांनी खावं, वाटसरूनं खावं, भटजींनी तर खुशाल खावं. घरच्यांनी मात्र नाही. आंबा नवरा, आणि नवरी बहुधा चिंच. वामनरावांनी चिंचेचं नावसुद्धा काढू दिलं नाही. त्यांनी एक जाईचा वेल आणून आंब्याशेजारी लावला. विश्वनाथभटांनी दोघांना हळद लावली, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरला. पण नागपूरचं ऊन नवरीची हळद पाहून कमी होत नाही. मुहूर्ताच्या आधीच जाई अंगच्या हळदीनिशी वाळून गेली. पुढच्या वर्षी दुसरी जाई आणली, तिला वाळवी लागली. दोन उन्हाळे सारी गल्ली वामनरावांचे आंबे चोखत होती, आणि वामनराव ओसरीवर बसून नुसता वास घेत होते.

तिसऱ्या वर्षी विश्वनाथभटच म्हणाले, की नवऱ्याच्या बरोबरीची, त्याच पाण्यावर वाढलेली नवरी अंगणात उभी असताना तुम्ही बाहेरच्या पोरी आणून मारून राहिले.

तेव्हा एका संध्याकाळी वामनराव आणि विश्वनाथभट मागच्या खोलीपुढं येऊन उभे राहिले. तारा पाणी घेऊन मागून आली. रुखमाबाई वाती वळत होत्या. यांना काय हवं ते त्यांना भटजींचं उपरणं पाहूनच कळलं होतं. तरी त्यांनी सतरंजी टाकली, पाहुण्यांना बसवलं आणि मुलीच्या आईला शोभेल तसा पदर सारखा केला.

"मुलगी पाहायले आले काय, भाऊजी?"

वामनराव म्हणाले, तसंच समजा.

"मुलगी माझी रामटेकची. सावळी आहे, जराशी आंबट आहे, पण उन्हाले भीत नाही. तुमच्या मुलाचं ऐकून आहे मी. दोन नवऱ्या खाऊन बसला. बिजवराच्याही पुढं गेला. हे सांगून करता, का लपवून?"

विश्वनाथभट खोकले. वामनरावांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, कारण आंबे पाडाला आले होते. मग त्यांनी बेत सांगितला. कन्यादान ताराचे भाऊ-भावजय करतील. वहिनींनी मागं, खोलीत बसावं. शुभकार्य आहे, लोक येतील.

रुखमाबाईंनी हातातली वात खाली ठेवली.

"मागं काहून?"

"आता तुम्हांले सांगायले पाहिजे काय? रीत आहे."

"रीत आहे. चिंच लावू नये, हीही रीतच होती. तीच आज तुम्ही मागायले आले. आईनं वाढवलेली पोर, आणि हात परक्यानं धरायचा? तसं होत नसते."

वामनरावांचा तोल गेला. इतक्या वर्षांत जे कोणी तोंडावर बोललं नव्हतं, ते ते बोलून गेले. "तुम्हांले लेक झाली कधी, वहिनी?"

तारानं डोळे मिटून घेतले. रुखमाबाई मात्र सरळ बसल्या. बुवांच्या पुढ्यात आयुष्यभर मांडी घालून बसलेली बाई ती. तिला उत्तर शोधावं लागलं नाही.

"ज्या राजाले नांगराच्या फाळापुढं लेक भेटली, त्यालेही ती झाली नव्हती. जमिनीतूनच वर आली. पण लग्नाच्या वेळी तिचा बाप कोण, हे कोणी त्याले विचारलं नाही. कन्यादान त्यानंच केलं. माझीही जमिनीतूनच आली, भाऊजी. मी मांडवात असंन तर नवरी आहे. नसंन तर तुम्ही तिसरी जाई पाहा."

वामनराव उठून गेले. चार दिवस विषय तिथंच राहिला. पिकलेले आंबे पडत होते आणि गल्ली ते वेचत होती. शेवटी वामनरावांनी ताराला विचारलं, भावाला निरोप धाडला का? तारा भाकरी थापत म्हणाली, "धाडला. येऊ नका म्हणून."

मग वामनराव स्वतः मागं गेले आणि दारातूनच म्हणाले, की वहिनी, उद्याचा मुहूर्त आहे, वेळेवर या.

"अजून एक आहे," रुखमाबाई म्हणाल्या. "ती तुमच्या घरची सून होईन. सुनेवर कुऱ्हाड उचलत नसतात. नानाजीबुवांचं कीर्तन ठेवा तिच्या खाली, आणि साऱ्यांपुढं त्यांच्या वीणेले हात लावून हे सांगा."

दुसऱ्या दिवशी आंबा आणि चिंच यांच्यामध्ये अंतरपाट धरला. बायका आल्या होत्या. काही रुखमाबाईंना मांडवात पाहून बाहेरच थबकल्या, आणि मंगलाष्टकं सुरू झाल्यावर अक्षतांसाठी आपोआप आत आल्या. मोकळ्या कपाळाची ती बाई चिंचेला टेकून उभी होती, नव्या धुवट लुगड्यात. विश्वनाथभटांनी क्षणभर इकडं-तिकडं पाहिलं आणि मंत्र म्हटला. रुखमाबाईंनी चिंचेच्या डहाळीवरून आंब्याच्या बुंध्याशी पाणी सोडलं.

रात्री बुवा उभे राहिले. वामनरावांनी वीणेला हात लावला आणि सांगायचं ते सांगितलं, जरा हळू. बुवा म्हणाले, मागच्यांना ऐकू आलं नाही. मग मोठ्यानं सांगितलं. त्यावर जी टाळी पडली, ती त्या कीर्तनातली पहिली टाळी.

आरतीनंतर तारानं पहिला आंबा नवऱ्याला दिला. वामनरावांनी तो डोळे मिटून चोखला. मग त्यांनी स्वतः एक चांगला पिकलेला निवडला आणि रुखमाबाईंपुढं धरला. आतून ते विरघळले होते, आणि तसं दिसू नये म्हणून चेहरा कडक केला होता.

"घ्या, विहीणबाई."

रुखमाबाईंनी हात जोडले.

"लेकीच्या सासरचं, तिले मूल होईस्तोवर खात नसतात. तुम्ही तर रीतीचे पक्के."

वामनराव हसणार होते, पण मध्येच थांबले. चिंच लावणारा तिचं फळ पाहायला जगत नाही, हे त्यांनीच एकदा विहिरीजवळ उभं राहून सांगितलं होतं. रुखमाबाईंनाही ते आठवत होतं, शब्द न शब्द. त्यांनी वर पाहिलं. चिंचेला अजून फूलही नव्हतं.

"ठेवून द्या," त्या म्हणाल्या. "हिले चिंचा धरू द्या, मग खाईन. तोवर मी कुठं जात नाही."

आणि त्यांनी लोटी उचलली, विहिरीवर गेल्या, आणि लेकीला पाणी घातलं.