हिगाकींची वात

हिगाकीसान पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा त्यांनी विकत काहीच घेतलं नाही. एक वाटी पाणी मागितलं.

मला वाटलं, तहान लागली असेल. पण त्यांनी काउंटरवरच्या पाकिटातून नखाएवढा कापूस काढला, पाण्यावर अलगद सोडला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले.

"सात सेकंद," ते म्हणाले. "पाचाच्या आत बुडायला हवा. माचिएचान, हा असला कापूस तू लोकांना वाती करायला देतेस?"

चाळीस वर्षं ते इमाबारीतल्या टॉवेलच्या कारखान्यात तपासनीस होते. टॉवेलचा तुकडा पाण्यात टाकायचा, बुडाला तर पास, तरंगला तर परत. निवृत्त झाल्यावर पाण्यात टाकायला काही उरलं नाही, म्हणून माणूस चिडचिडा झाला होता. मी या गल्लीत सून म्हणून आले तेव्हापासून ते मला ओळखत. सासूबाईंचं सिगारेटचं दुकान होतं आणि हे त्यांचं रोजचं गिऱ्हाईक. सासूबाई गेल्या, मी सिगारेटी काढून व्हेप, म्हणजे वाफ ओढायच्या विजेरी नळ्या, ठेवल्या. ते दोन वर्षं रागाने दुसऱ्या गल्लीतून जात राहिले. मग त्यांच्या मुलीला दिवस राहिले आणि बायकोने, सेत्सुकोसाननी, बजावलं, "नातवाला घ्यायचं असेल तर ती सिगारेट सुटली पाहिजे." म्हणून ही स्वारी पाण्याची वाटी मागत दारात.

मी त्यांना साधा, तयार कॉइलचा व्हेप दाखवला. त्यांनी तो लहान मुलाच्या खेळण्यासारखा बाजूला सारला. त्यांना हवा होता तो स्वतः बांधायचा. तार गुंडाळून कॉइल करायची, तिच्या पोटातून कापसाची वात ओवायची, दोन्ही टोकं कापून खालच्या खळग्यांत बसवायची, वरून लिक्विड सोडायचं. वात लिक्विड वर ओढते, कॉइल ते तापवते, वाफ होते. इतकंच.

"कापूस आहे ना त्यात?" ते म्हणाले. "मग मला शिकवू नकोस."

झालं. पुढचे तीन महिने दर गुरुवारी दुपारी ते माझ्या खिडकीजवळच्या टेबलावर बसून वात बांधायचे, पहिला झुरका घ्यायचे आणि तोंड कडू कारल्यासारखं करायचे. जळकी चव. दर वेळी. कापूस बदलला, लिक्विड बदललं, बसायची खुर्ची बदलली. मला तर त्यांनी शब्दशः वात आणला.

त्याच टेबलावर दुसऱ्या बाजूला सोगाबेसान बसायचे. हे जहाजाच्या गोदीत वेल्डर होते. दोघं एका शाळेतले, एका वर्गातले, आणि पन्नास वर्षांत एकमेकांशी धड एक वाक्य बोललेले मी तरी ऐकलं नाही. सोगाबेंच्या कॉइल बघण्यासारख्या असायच्या. सहा वेढे, एकाला एक चिकटून, बटण दाबलं की मधोमध तांबडा उजेड उमलत कडेपर्यंत जायचा.

"कॉइल कुणाची?" हिगाकी विचारायचे.

"माझी. तूच मागितलीस."

"मग जळतंय ते तिच्यामुळे. वेल्डरची कॉइल. जहाजाचा तळ जोडायचा असल्यासारखी तापते."

"माझ्या व्हेपमध्ये तीच कॉइल आहे. माझं नाही जळत."

"तुझ्या जिभेला चव कधी होती? तू शाळेत डब्याबरोबर खडू खाल्ला होतास."

"तो पैजेवर खाल्ला होता! आणि पैज तू लावली होतीस!"

मी चहा ठेवायचे. वाद चहा संपेपर्यंत चालायचा.

एका गुरुवारी मात्र मी शेजारी बसून बारकाईने पाहिलं. वातीचं टोक कॉइलच्या तीन मिलिमीटरच्या भोकातून जाताना कापूस सैल हवा. ओढताना किंचित अडावा, पण कॉइल हलू नये. हिगाकी काय करायचे, तर टोक थुंकीने ओलं करून दोरीसारखं पिळायचे, कडक, सुईसारखं. पिळलेला कापूस लिक्विड ओढणार कसा? तो जळणारच. हे चाळीस वर्षं कापूस तपासलेल्या माणसाला कळत नसेल?

मग मला त्यांचा उजवा हात दिसला. टोक भोकाजवळ गेलं की तो थरथरायला लागायचा. थोडासाच, पण तीन मिलिमीटरला थोडंसं पुष्कळ झालं. सैल टोक त्यांना ओवताच येत नव्हतं. पिळून कडक केलं की एका झटक्यात आत जायचं, म्हणून ते पिळायचे.

मी वर पाहिलं तर सोगाबे माझ्याकडे बघत होते. त्यांनी हळूच मान हलवली, म्हणजे बोलू नकोस. आणि लगेच मोठ्याने म्हणाले, "काय रे हिगाकी, वात ओवतोयस की देवाला साकडं घालतोयस?"

पुढच्या गुरुवारी हिगाकी कोपऱ्यावर ताइयाकी, गोड सारणाचे माशाच्या आकाराचे केक, आणायला गेले. गरम ताइयाकीची रांग म्हणजे दहा मिनिटं कुठे गेली नाहीत. ते दाराबाहेर पडताच सोगाबेंनी त्यांचा व्हेप उघडला, पिळलेली वात चिमट्याने उपसून काढली, कॉइल कोरडी तापवून काजळी झाडली, नळाखाली धुतली, पुसली आणि नवी वात घातली. चार मिनिटं. मी दारात पहारा देत उभी. या वयात मला हे उद्योग.

हिगाकी आले, झुरका घेतला. थांबले. अजून एक घेतला.

"संत्र्याची चव येतेय," ते म्हणाले.

"बाटलीवर संत्रंच लिहिलंय," सोगाबे म्हणाले. "शेवटी जमलं म्हणायचं. चुकून जमलं असेल."

"चुकून? अरे, हात बसायला वेळ लागतो."

दोन महिने हे चाललं. दर गुरुवारी वात हिगाकी बांधायचे, मग ताइयाकी आणायला बाहेर पडायचे, आणि त्या वेळात सोगाबे ती बदलायचे. हिगाकींची छाती फुगत चालली. दुकानात नवीन येणाऱ्या माणसालाही ते कापसावर व्याख्यान द्यायला लागले. आणि नोव्हेंबरात मी दुकानात वाती बांधायची छोटी स्पर्धा ठेवली, बक्षीस मिकान संत्र्यांची एक पेटी, तेव्हा पहिलं नाव त्यांनीच लिहिलं. मोठ्या अक्षरात.

सोगाबे दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आत हजर.

"माचिएचान, मी घोटाळा केलाय. सगळ्यांसमोर बसवून बांधायला लावणार तू. त्याचं हसं होईल."

"तुम्हीच समजवा ना त्यांना."

"समजावलं. म्हटलं, तुझी लायकी नाही, नाव काढ. तर त्याने नावाखाली रेघ मारली."

"असं समजावतात का कुणाला?"

"मग कसं समजावतात? पन्नास वर्षं मी त्याच्याशी असंच बोलतोय. एकदम गोड बोललो तर त्याला वाटेल मी मरतोय."

मी विचार केला आणि फळ्यावरचा नियम पुसून नवा लिहिला: जोडीनेच भाग घ्यायचा. एकाने कॉइल, एकाने वात, अदलाबदल चालेल. दुपारी हिगाकी आले, फळा वाचला, चष्मा काढून पुसला, परत वाचला.

"काल हा नियम नव्हता."

"लोक लाजतात एकेकटे," मी म्हणाले.

"या गावात?" एवढंच म्हणाले आणि सोगाबेंचं नाव स्वतःच्या नावाखाली लिहिलं. जरा लहान अक्षरात.

स्पर्धेला सहा जोड्या आल्या. फेरीबोटीच्या तिकीटखिडकीवरची नोमा आणि तिची बहीण, दोन न्हावी, बाकीची गोदीतली मंडळी. सेत्सुकोसानही आल्या होत्या. त्यांना म्हणे नवऱ्याचं नवं वेड एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. मी वेळ लावली, पंधरा मिनिटं.

सोगाबेंची कॉइल तिसऱ्या मिनिटाला तयार. मग कापूस. हिगाकींनी पट्टी कापली, वरचा दाबलेला पापुद्रा सोलून टाकला, उजेडात धरून तंतू कुठल्या बाजूला धावतायत ते पाहिलं. तिथपर्यंत सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर खिळलेले, कारण कापूस असा हाताळणारं माणूस आमच्यात दुसरं नाही. मग त्यांनी टोक कॉइलजवळ नेलं आणि हात थरथरला. टोक विस्कटलं. पुन्हा नेलं. पुन्हा विस्कटलं. न्हाव्यांनी उगाच स्वतःच्या कामात डोकं घातलं.

हिगाकींनी कापूस खाली ठेवला. कात्री उचलली आणि दांड्याकडून सोगाबेंच्या पुढे केली.

"घे. तूच कर. नाहीतरी दोन महिने तुझीच वात ओढतोय मी."

सोगाबेंचं तोंड उघडं ते उघडंच. "तुला कसं..."

"तू डावखुरा. तुझा काप उलट्या बाजूला उतरतो. चाळीस वर्षं टॉवेलच्या कडा बघितल्यात मी, कापूस कुणी कापलाय ते मला कळणार नाही? पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"बोललो असतो तर तू बदलायचं बंद केलं असतंस. आणि माझ्याने जळकं ओढवत नव्हतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि दर गुरुवारी ती ताइयाकीची रांग मी काय हौसेने लावत होतो? तुला वेळ मिळावा म्हणून."

आधी नोमा हसली. मग सगळेच. सोगाबे तेवढे हसत नव्हते. ते कात्रीकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. विचारलं असतं तर लिक्विड उडालं म्हणाले असते.

हिगाकींनी मात्र हसू ओसरायच्या आत बायकोकडे चोरून पाहिलं. "सेत्सुको, हे हाताचं मी तुला सांगणारच होतो..."

"मला सांगणार होता?" सेत्सुकोसान म्हणाल्या. "अहो, वर्षभर मी तुम्हाला कप अर्धाच भरून देतेय. तो काय चहापत्ती वाचवायला?"

आता तोंड उघडं राहायची पाळी हिगाकींची होती.

"मग तू का बोलली नाहीस?"

"तुम्ही लपवत होता इतक्या मेहनतीने. मला वाटलं, मोडता कशाला घाला. पण आता सगळ्या गावाने बघितलंय, तेव्हा सोमवारी डॉक्टरकडे."

"सोमवारी मला..."

"सोमवारी," सोगाबे आणि सेत्सुकोसान एकदम म्हणाले.

सहा मिनिटं उरली होती. सोगाबेंनी ओवलं, हिगाकी शेजारून सूचना देत राहिले, "ओढू नकोस, वाहू दे त्याला, कापूस आहे, साखळदंड नाही." दोघं तिसरे आले. संत्र्यांची पेटी नोमाने नेली आणि दोघांना दोन-दोन मिकान दिले. हिगाकींनी आपले सोलून सोगाबेंसमोर ठेवले. न बोलता. पन्नास वर्षांतला हा बहुधा पहिला चांगला शब्द.

सोमवारी डॉक्टरांनी तपासलं. गंभीर काही नाही, वयाबरोबर काहींचा हात असा थरथरतो, म्हणाले. रोजची एक गोळी दिली आणि विचारलं, डावा हात कसा आहे? हिगाकींनी तेव्हा पहिल्यांदा डाव्या हाताकडे लक्ष दिलं. तो बराच स्थिर होता.

गुरुवारी ते दुकानात आले ते सोगाबेंच्या बाजूच्या खुर्चीवर बसले. समोर नाही, बाजूला.

"डाव्या हाताने कसं धरतोस दाखव."

"घे," सोगाबे म्हणाले. "एवढी एकच गोष्ट तुझ्यापेक्षा वेगळी होती माझ्याकडे. तीही घे."

मी त्यांच्यासाठी डावखुऱ्यांची कात्री मागवली. दीड महिना ते डाव्या हाताने ओवत होते; टोकं वेडीवाकडी, कापूस टेबलभर, सोगाबेंची बडबड अखंड. "अरे, लोकर पिंजतोयस का?" मग एका दुपारी वात सैल, सरळ आत गेली. पहिल्या प्रयत्नात. हिगाकींनी टोकं कापली, खळग्यांत बसवली, लिक्विड सोडलं, झुरका घेतला. जळलं नव्हतं.

फक्त कापूस जरा कमी पडला होता. घरी जाताना बसमध्ये सगळं लिक्विड गळून त्यांच्या विजारीच्या खिशात उतरलं.

संध्याकाळी सेत्सुकोसानचा फोन आला. त्या इतक्या हसत होत्या की आधी मला काही कळेना.

"माचिएचान," त्या म्हणाल्या, "आमचे हे संत्र्यासारखे दरवळत आलेत आणि विजार धुवायला देत नाहीयेत. म्हणतात, आधी उद्या सोगाबेला दाखवून येतो."