पटवारीचं पोट

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शालीकरामनं पिंजऱ्यावरचं पोतं बाजूला केलं आणि घोटायला घेतलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा त्याच्या मुठीतच राहिला.

पटवारी कुशीवर पडला होता. खाली अंथरलेलं जुनं बनियन हिरव्या, चिकट घाणीनं माखलं होतं, कोणी तळ्यावरचं शेवाळ कालवून ओतावं तसं. एरवी पोतं उचलायचा अवकाश, गडी डुकडुक आवाज करत, उड्या मारत दारावर यायचा. आज त्यानं एक डोळा उघडला, मिटला आणि कटकट दात खाल्ले.

"वच्छला! इकडे ये वो, लवकर!"

"काल बी असेच ओरडले होते," आतून आवाज आला. "धावत आली तं पाटाखाली प्लास्टिकचा साप. नाही येत मी."

"मजाक नाही करून राहिलो. पटवारी मरून राहिला!"

त्या आवाजात काहीतरी होतं. वच्छला हातातलं पीठ तसंच घेऊन आली, वाकून पाहिलं आणि तिनं पदर कमरेला खोचला.

पटवारी म्हणजे फेरेट. दवनीवाड्यात हे नाव कोणाच्या जिभेवर बसलं नाही. हातभर लांब, पांढराफटक, लाल डोळ्यांचा. मांजर आणि मुंगूस यांच्या मधलं काहीतरी. नागपूरचा एक इंजिनियर परदेशी चालला होता. शालीकराम सायकल दुकानाचं सामान आणायला गेला, ओळखीनं त्याच्या घरी टेकला, तर हे जनावर त्याच्या पिशवीत शिरून झोपलंच. तिथंच दोघांचं जमलं. इंजिनियरनं पिंजरा दिला, कोरड्या खाण्याची थैली दिली आणि कागदावर लिहून दिलं: मांस आणि हे खाणं, बाकी काही नाही. दूध नाही, गोड नाही. घरी आल्या आल्या यानं कोपरान् कोपरा नाक खुपसून तपासला, जशी काही जमिनीची मोजणी चालली आहे. म्हणून नाव पटवारी. आठच दिवस झाले होते, पण पन्नाशीचा शालीकराम आयुष्यात पहिल्यांदा दुकान वेळेवर बंद करून घरी यायला लागला होता.

आणि तरी त्यानं काल ते केलंच.

दसऱ्याच्या सकाळी चहाच्या टपरीवर बसून त्यानं गंभीर तोंडानं सांगितलं होतं, "पांढरं मुंगूस हजारात एक. दसऱ्याले त्याले आपल्या हातानं खाऊ घाला, कोनी पाहत नसताना. मनात इच्छा धरा. दिवाळीच्या आत पुरी. पन एक आहे, काय चारलं, काय मांगितलं, कोनाले सांगायचं नाही. सांगितलं का गेलं फळ."

संध्याकाळी गाव सोनं द्यायला घरोघर फिरत होतं. पिंजरा मुद्दाम ओसरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेला. शालीकराम स्वयंपाकघराच्या दारामागून फटीतून बघत होता. एकेक जण आपट्याची पानं हातात घेऊन यायचा, इकडे तिकडे बघायचा, खिशातून हळूच काहीतरी काढायचा, पिंजऱ्यापाशी वाकायचा आणि डोळे मिटायचा. बकाराम तर चक्क हात जोडून उभा राहिला. हसू दाबता दाबता शालीकरामच्या पोटात कळ आली होती. एका दिवसाच्या गोडानं काय होते, असं त्याला वाटलं होतं.

आता कळ पटवारीच्या पोटात होती.

त्यानं इंजिनियरला फोन लावला. तिसऱ्यांदा लागला.

"दूध दिलं का त्याला?"

"थोडंसं झालं असन."

"थोडंसं म्हणजे किती जणांनी दिलं?"

शालीकरामनं डोकं खाजवलं. "गावानं."

मग इंजिनियर एकेक शब्द ठोकून बोलला. "दुधा-गोडानं बिघडलं असेल तर सांभाळता येईल. साखर-मिठाचं पाणी, चिकनचं साधं सूप, थोडं थोडं. चार घंट्यांच्या वर उपाशी ठेवू नका, हे प्राणी भुकेनंच जातात. पण न पचणारं काही गिळलं असेल, रबर, कापड, दोरी, तर आतडं बंद होईल. मग ऑपरेशन, तेही नागपूरला. आधी शोधा, कोणी काय चारलं. अंदाजानं काही करू नका."

"रबर नाही," शालीकराम म्हणाला. "दुकानात त्याले मी नेलोच नाही."

"मग बाकीचं शोधा!"

वच्छला ग्लुकोजचं पाणी बोटानं पटवारीच्या हिरड्यांना लावायला बसली. शालीकराम चपला न घालताच निघाला.

पहिलं घर बकारामचं. तो दारात दात घासत होता.

"बकाराम, काल माया पटवारीले काय चारलं?"

"मी?" बकारामनं फेस थुंकला. "मी तं आलोच नाही तुयाकडं."

"मी पाहिलो न तुले! हात जोडून उभा होता."

"अशी परीक्षा घेऊन राहिला का गा?" बकाराम डोळा मारून हसला. "म्हने सांगितलं का फळ गेलं. मी येवढा येडा नाही."

ईश्वरदासच्या घरी तेच. मनिराम पाटलाकडे तेच, तिथं तर मनिरामच्या बायकोनं यालाच दटावलं, "तुम्हीच नेम सांगता आन तुम्हीच मोडायले लावता? शोभते का तुम्हाले?" शेवटी शालीकराम चावडीसमोरच्या ओट्यावर चढला आणि हात वर करून ओरडला, "बापहो, आइका! लबाडी होती! मुंगूस बी नाही ते! मीच बनवलं सारं! जनावर मरून राहिलं, काय चारलं तेवढं सांगा!"

दहा-पंधरा माणसं जमली. शालीकरामच्या डोळ्यांत पाणी होतं. लोकांनी ते पाहिलं आणि ईश्वरदासनं टाळी वाजवली. "वा रे शालीक! ही तं कालच्या बी वरची झाली. रडते बी खरंच!"

सगळे हसले. तीस वर्षं ज्यांना हसवलं ती माणसं हसत होती, आणि शालीकरामला आपल्याच पायाखालचा ओटा परका वाटायला लागला.

घरी परतला तर रत्नपाल येऊन बसलेला. रत्नपाल ढोरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर होता. डॉक्टर सणाच्या सुट्टीवर, आणि हा काल दीक्षाभूमीवर गेलेला. सकाळच्या गाडीनं गोंदियात उतरून नुकताच गावात आला होता. वच्छलानं रस्त्यातच त्याला गाठलं होतं. खांद्यावरची पुस्तकांची थैलीही त्यानं अजून उतरवली नव्हती.

"याले मुंगूस कोन म्हनते?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"मीच म्हनलो."

"तुले अक्कल आहे का गा? हे पाह्य." रत्नपालनं पटवारीच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, हळूहळू खाली बसली. "पानी संपलं अंगातलं." त्यानं सगळ्यात बारीक सुई काढली आणि खांद्यांच्या मधे कातडीखाली सलाईन भरलं. तिथं लिंबाएवढा फुगा आला. पटवारी ओरडलाही नाही. ओरडला असता तर शालीकरामला बरं वाटलं असतं.

मग रत्नपालनं दोन बोटांनी पोट दाबत दाबत पाहिलं. एका जागी त्याची बोटं थांबली.

"काय आहे?"

"सुतळीसारखं काही लागते हाताले. गोळा नाही. लांब आहे." त्यानं मान वर केली. "दोरा-बिरा कोनी देल्ला का याले?"

"दोरा कोन चारन बाप्पा?" शालीकराम म्हणाला.

वच्छलानं ग्लुकोजची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "सगळ्यात शेवटी शांतीकाकी आली होती. एकटीच. दिवा लावायच्या टायमाले. तुम्ही तवा हसून हसून आंगनात गेले होते."

शांतीबाई घराबाहेर पडत नसे. तिचा नवरा रामलाल, ज्याच्या हाकेनं नहरापलीकडची बैलजोडी थांबायची, त्याला चैत्रात लकवा मारला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तेव्हापासून ती त्याच्या खाटेपासून हलली नव्हती. काल हलली होती.

शालीकराम पोचला तेव्हा ती रामलालला चमच्यानं पेज भरवत होती.

"काकी, काल तू आली होती."

"नाही."

"काकी, पाया पडतो. जनावर जाईन."

तिनं चमचा वाटीत ठेवला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. "तूच सांगितलं. बोललं का फळ जाते."

शालीकराम खाली जमिनीवर बसला. चावडीवर ओरडताना जे सोपं होतं ते इथं जड गेलं. खाटेवरून रामलाल त्याच्याकडे एकटक बघत होता. पूर्वी हाच माणूस शालीकरामच्या खोड्यांना सगळ्यात मोठ्यानं हसायचा.

"फळ नोहोतंच, काकी," तो म्हणाला. "टपरीवर बसून बनवलं मी. ते मुंगूस बी नाही. कायचं काहीच नाही त्यात. तू जे मांगितलं ते... तसं नाही होत."

शांतीबाई बराच वेळ वाटीतली पेज ढवळत राहिली.

"तू लबाड आहेस हे मले का मालूम नाही?" ती शेवटी म्हणाली. "लहानपनापासून पाहून राहिली तुले. पन डॉक्टर झाला, वैद्य झाला, देवऋषी झाला. म्हटलं, लबाडाच्या तोंडून बी एखाद टाइम खरं निघत असन." तिनं पदरानं रामलालची हनुवटी पुसली. "खव्याच्या गोळीत लाल धागा घातला. मन्नतचा. सात गाठी मारून. ह्यायच्या तोंडून सात शब्द निंगावे म्हनून. जास्त नोहोती मांगत."

शालीकराम उठला. तो धावतच घरी आला.

धागा म्हटल्यावर रत्नपालचा चेहरा उतरला. "रबर असतं तं बरं होतं. धागा आतडं गोळा करते, नाड्यावानी. आता उलटी झाली तं गाडी करून नागपूर. नाही तं वाट पाहायची. वच्छलाबाई, सूप चालू ठेवा. घंट्या-घंट्यानं चमचाभर. मीठ-मसाला काही नाही."

वच्छलानं कोंबडीचं पाणी उकळलं, गाळलं, फुंकून कोमट केलं. शालीकराम ड्रॉपरनं गालाच्या कडेनं एकेक थेंब सोडत होता. अर्धं आत जायचं, अर्धं ओघळायचं. बाहेर कोणी सायकल घेऊन आलं की तो न बघता ओरडायचा, "दुकान बंद आहे!" पटवारी मधूनच अंग आवळायचा, दात खायचा, आणि तिघंही श्वास धरून बघायचे, की आता उलटी होते का. उलटी झाली नाही. खालूनही काही बाहेर आलं नाही, आणि तेही वाईटच होतं.

दुपार कलायला लागली तेव्हा पटवारी एकदम उठून बसला, शेपटी ताठ केली, कुंथला. हिरव्या घाणीबरोबर बोटभर लाल धागा बाहेर आला आणि तिथंच लोंबत राहिला.

शालीकरामचा हात पुढं गेला.

"हात नको लावू!" रत्नपालनं त्याचं मनगट धरलं. "ओढला तं आतलं आतडं कापन. दहा मिनिटात घरात मुडदा पडन."

"दिसून राहिला न बाहेर!"

"दिसू दे. त्याचं तो काढन."

तीन पुरी माणसं एका हातभर जनावराच्या शेपटीकडं बघत बसली. शालीकरामनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, इतकी त्याची बोटं शिवशिवत होती. दारात सावली पडली. शांतीबाई उभी होती. रामलालजवळ शेजारणीला बसवून आली होती.

"निंगाला का?"

"निंगून राहिला, काकी. बस."

ती पिंजऱ्यापाशी उकिडवी बसली. पटवारी पुन्हा कुंथला. धागा वाढला. एक गाठ दिसली. रत्नपालनं गाठीपुढचं मोकळं टोक कात्रीनं अलगद छाटून फेकलं, म्हणजे पायात अडकणार नाही. पुन्हा कोमट पाणी, पुन्हा दोन थेंब सूप. पुन्हा कुंथणं. दुसरी गाठ, तिसरी. शांतीबाई ओठातल्या ओठात मोजत होती. चौथी आणि पाचवी एकदमच आल्या. सहावीला पटवारी किंचाळला, आणि धागा सुटून बनियनवर पडला.

"झालं!" वच्छला म्हणाली.

"सहाच आहेत," शांतीबाई म्हणाली. "मी सात मारल्या."

रत्नपालनं काडीनं धागा पसरून पाहिला. टोक चावल्यासारखं तुटलं होतं. सहाच. पटवारी पाय पसरून आडवा झाला आणि त्याचं पोट भात्यासारखं खालीवर होऊ लागलं. शालीकरामनं त्याला अलगद मांडीवर घेतलं आणि तो त्याच्या कानाशी वाकला. "ए पटवारी. काढ बाप्पा. तुले वाटन तं मायं नाव सातबाऱ्यावरून काढून टाक, पन येवढं काढ."

वच्छलाला हसू आलं आणि रडूही. अर्धा घंटा गेला. मग पटवारीनं काहीही गाजावाजा न करता, उठायचेही कष्ट न घेता, सरळ शालीकरामच्या पायजम्यावर घाण केली.

रत्नपालनं काडी घातली. ढवळलं. उचललं. बोटभर लाल धागा, मधे एक गाठ.

"सात," शांतीबाई म्हणाली.

शालीकरामनं भिंतीला डोकं टेकलं. वच्छलानं सूपाची वाटी पुढं सरकवली. पटवारीनं नाक लावलं, शिंकला आणि स्वतःहून जीभ घातली. लपलप आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"अजून धोका आहे," रत्नपाल थैली उचलत म्हणाला. "दोन दिवस हेच. दूध देल्लं तं मी येनार नाही, सांगून ठेवतो."

शांतीबाईनं गाठींचे ते दोन्ही तुकडे काडीनं उचलले आणि चुलीत टाकले. शालीकराम बघत होता. एखादी थाप त्याच्या जिभेवर नेहमी तयार असायची, आताही होती. धागा पोटातून फिरून आला म्हणजे काम झालं, असं काहीतरी. तिच्या चेहऱ्यावर उजेडही आला असता. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.

"उद्या सकाळी येजो," शांतीबाई पदर सावरत म्हणाली. "घंटाभर बस तुया काकाजीजवळ. चावडीवर कसा रडला ते सांग त्यायले. वाचा गेली त्यायची, हासनं नाही गेलं. मले सांगता येत नाही तसलं काही."

"येतो, काकी."

"पायजमा बदलून ये."

ती गेली. शालीकरामनं बनियन उचललं, परसात नेलं आणि दगडावर आपटायला लागला.