राजकन्येची आई

लालबागच्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर मृणालिनी सामंत आली, तेव्हा रघुनाथ परब ओट्याशी बोंबील कापत होते. आयुष्यभर संकलक म्हणून सिनेमे कापलेला माणूस. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात म्हणून त्यांनी घरातलं मासळीचं खातं आपल्याकडे घेतलं होतं. त्यांची बायको गुणवंती खिडकीशी बसून त्या कापाकापीवर देखरेख करत होती.

मृणालिनी ही दिग्दर्शक सामंतांची मुलगी. सामंत जाऊन सहा वर्षं झाली. त्यांनी उभ्या जन्मात एकच सिनेमा केला, ‘तारांगणाची राजकन्या’, १९८५ सालचा. मराठीत अंतराळातली अद्भुतकथा काढायची म्हणजे आभाळाला ठिगळ लावायचं. पण त्या माणसाने लावून दाखवलं. संपानंतर बंद पडलेल्या परळच्या एका गिरणीत यान उभं राहिलं. साच्यांना, म्हणजे कापड विणायच्या मागांना, चंदेरी रंग फासला, सुताच्या बॉबिनींचे दिवे केले, आणि दुष्ट सम्राटाच्या डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट चढवलं. पोरं बघायला आली आणि हसली नाहीत. त्या काळी पोरं भली होती.

“काका, बाबांची मूळ संहिता सापडली,” मृणालिनी म्हणाली. “त्यात तारिणी राजकन्या नाहीच आहे. साच्यावर काम करणाऱ्या बाईची मुलगी आहे. मला सिनेमा तसा पुन्हा जोडायचाय. दादरच्या एका स्टुडिओत प्रिंट स्कॅन करून ठेवलीय. तुम्ही बसाल माझ्याबरोबर?”

रघुनाथांची सुरी थांबली. त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं. गुणवंती खालून चाललेली मिरच्यांची हातगाडी बघण्यात गुंग होती, निदान तसं दाखवत तरी होती.

या गोष्टीचा विषय त्या घरात चाळीस वर्षांत निघाला नव्हता. मूळ संहितेत तारिणीला आई होती, उत्तरार्धात पूर्वकथेत दिसणारी. ग्रहावर हल्ला होतो तेव्हा तान्ह्या पोरीला सुताच्या टोपलीत घालून शेवटच्या यानातून ती पाठवून देते. काम एवढ्या एका प्रसंगाचं. ठरलेली नटी आलीच नाही, तेव्हा सामंतांनी नवऱ्याचा डबा घेऊन आलेल्या गुणवंतीला उभं केलं. संपापर्यंत ती त्याच गिरणीत वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायच्या कामाला होती, त्यामुळे साच्यांमधून कसं चालायचं हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. एका दमात शॉट झाला. लाइटवाल्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

मग सिनेमा काढणाऱ्या शेटनी तो प्रसंग पाहिला. “गिरणीवालीची पोर बघायला तिकीट कोण काढणार? राजाची मुलगी करा,” ते म्हणाले. झालं. गिरगावातून नाटकाचा राजवेष भाड्याने आला, लग्नाच्या स्टेजवरची खुर्ची सिंहासन झाली. हेल्मेटमध्ये सम्राटाचे ओठ दिसतच नव्हते, तेव्हा त्याच्या तोंडी काहीही घालायची सोय होती. तो म्हणाला, “तारिणी, तू राजा विक्रांतची कन्या आहेस.” आणि आईचा तीन मिनिटांचा प्रसंग कापला गेला.

कात्री रघुनाथांच्या हातात होती. संकलक म्हणून तो त्यांचा पहिला सिनेमा. आपण नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याने कापलं असतं, असं त्यांनी स्वतःला हजारदा समजावलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण बायकोला सांगायला काय झालं होतं? आज सांगू, उद्या सांगू करता करता सिनेमा लागायचा शुक्रवार उजाडला.

त्या शुक्रवारी गुणवंती तेव्हाच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या अकरा बायका आणि सासू यांना घेऊन मॅटिनीला गेली. ‘संकलन: रघुनाथ परब’ ही अक्षरं पडद्यावर आली, तेव्हा अख्ख्या थेटरात तिने एकटीने टाळ्या वाजवल्या. मध्यंतरात ती बायकांना म्हणाली, “आता येतलंय हां.” आली नाही. दिवे लागल्यावर ती पदर सावरत उठली. “चला गो, पाण्याची येळ झाली,” एवढंच म्हणाली. मागच्या रांगेत बसलेले रघुनाथ बुटाची नाडी बांधत राहिले.

चाळीने मग तिचं नावच पाडलं. “काय राजकन्येची आई, नळ आला का?” “राजकन्येची आई, कढीपत्ता आहे?” ती सगळ्यांबरोबर हसायची. रघुनाथांना मात्र प्रत्येक हाकेला तोंड दाबून बुक्क्यांचा मार बसायचा.

“आईचा प्रसंग कुठेच मिळाला नाही,” मृणालिनी सांगत होती. “म्हणून मी म्हणते, राजाला काढून टाकू. तारिणी कुणाचीच नाही, एवढं तरी करता येईल.”

“कुणाचीच नाही कशी?” रघुनाथ एकदम म्हणाले.

त्यांनी हात धुतले, स्टूल ओढलं आणि माळ्यावर गणपतीच्या मखरामागून एक जुना चकलीचा डबा खाली काढला. तो कापलेला तुकडा त्यांनी फेकला नव्हता. वर्तमानपत्रात गुंडाळून या डब्यात लपवला होता आणि पुन्हा कधी उघडायचा धीर झाला नव्हता. झाकण निघालं, आणि ते बघतच राहिले. वर्तमानपत्राचा पत्ता नव्हता. फिल्म एका मऊ हिरव्या सुती कापडात नीट गुंडाळलेली होती. ते कापड त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांची मुलगी मेघना एक्क्याण्णवची. तिच्या बारशाला गुणवंती जी साडी नेसली होती, तिचा तो तुकडा. ओल धरू नये म्हणून बाजूला तांदळाची पुरचुंडी होती. तांदूळ पांढरेशुभ्र, यंदाचे.

या टॉवरसाठी चाळ पाडली तेव्हा रघुनाथ टायफॉइडने अंथरुणावर होते. संक्रमण शिबिरात सामान हलवलं ते गुणवंतीने. हा डबा आपल्यामागून आपोआप कसा आला, असा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत पडला नव्हता.

“तुका ठावक होता?” त्यांनी विचारलं.

“डबो माझो, चकली माझी. माका ठावक नसतला?” गुणवंती खिडकीतून न वळता म्हणाली.

“मी सांगूक होया होता.”

आता ती वळली. “सांगलास असतास तर मी बायकांका घेवन गेलंय नसतंय. तेवढाच दुखला.”

मृणालिनीने लॅपटॉपमध्ये डोकं घातलं ते बराच वेळ वर काढलं नाही. रघुनाथांना रडू आलं, आणि धुऊनही बोंबलाचा वास न गेलेल्या हातांनी डोळेही पुसता येईनात.

दादरला तो तुकडा स्कॅन झाला. पडद्यावर चोवीस वर्षांची गुणवंती साच्यांमधून धावत आली, तेव्हा मृणालिनी खुर्चीत ताठ झाली. पण घोडं एका जागी पेंड खात होतं. चित्र होतं, आवाज नव्हता. आवाजाची टेप वेगळी असायची, ती केव्हाच गेली. संहितेत आईचं वाक्य होतं, “वत्से, जाशील तिथे प्रकाश हो.” ते या ओठांवर कसंही बसेना. गुणवंतीने त्या दिवशी काहीतरी भलतंच म्हटलं होतं आणि सामंतांनी ते चालवून घेतलं होतं. काय म्हटलं, ते फक्त तिलाच माहीत. आणि ती स्टुडिओत यायला तयार नव्हती. “माझो आवाज आता खोकल्याचो,” म्हणून तिने विषय मिटवला.

रघुनाथांनी गळ घातली नाही. आपल्याला तो हक्क नाही, हे त्यांना पुरतं कळत होतं. तीन आठवडे ते राजाला कापत बसले. सिंहासन गेलं, राजवेष गेला. शेवटी सम्राटाचं ते वाक्य त्यांनी पुसलं आणि त्या हेल्मेटमध्ये स्वतःच्या घोगऱ्या आवाजात नवं वाक्य भरलं. घरी येऊन भात कालवताना ते म्हणाले, “मी इचारून ठेवलंय, ‘तारिणी, तू कुणाची मुलगी?’ आता उत्तर नाय मिळाला तर तारिणी, बिचारा चेडू, पडद्यावर तसाच उभा रवतला.”

गुणवंतीने ताटात आमटी वाढली. मंगळवारी सकाळी ती चांगली साडी नेसून दारात उभी होती. “चला,” ती म्हणाली.

पावसाळा सरल्यावर इमारतीच्या हॉलमध्ये सिनेमा लावला. अकरा बायकांपैकी चार उरल्या होत्या. गुडघे धरत त्या पुढच्या रांगेत येऊन बसल्या. त्यांतली शेवंती म्हणाली, “काय राजकन्येची आई, आज तरी येतलंस मां?”

“राजकन्या नाय गो आता ती,” गुणवंती म्हणाली.

अंधार झाला. ‘संकलन: रघुनाथ परब’ ही अक्षरं आली आणि शेजारी टाळ्या वाजल्या, चाळीस वर्षांपूर्वी वाजल्या होत्या तशाच. रघुनाथांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मग यानं उडाली, बॉबिनी लुकलुकल्या, सम्राट आला. हेल्मेटमधून रघुनाथांच्या आवाजात त्याने विचारलं, “तारिणी, तू कुणाची मुलगी?”

आणि साच्यांमधून ती आली. चेहरा चोवीस वर्षांचा, आवाज चौसष्ट वर्षांचा, जरासा खोकल्याचा. पण ओठांशी शब्दन् शब्द जुळत होता. पोरीला टोपलीत ठेवून ती म्हणाली, “जा बाय. कोणी इचारल्यान कोणाची, तर गुणवंतीचा चेडू म्हणान सांग.”

रघुनाथांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. अख्ख्या हॉलमध्ये ते एकटेच वाजवत होते, आणि थांबेनात. गुणवंतीने त्यांचा हात धरून खाली ओढला.

“गप रवा,” ती कुजबुजली. “बायकांका ऐकाक येत नाय.”